एमेटचे हातमोजे आणि साडेआठ एकर

वजनकाट्याच्या खोलीत दाराच्या मागे एक खिळा होता. चुकीमुळे रद्द करावी लागलेली पावती त्याला अडकवायची, अशी टॅमरॅक फोर्कच्या लाकूड मिलमध्ये रीत होती. अर्डिस होल्मच्या आधीच्या माणसाच्या वेळी तो खिळा कागदांनी झाकलेला असे. अर्डिसच्या एकोणतीस वर्षांत त्यावर एकही कागद चढला नव्हता. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते आणि खिळ्याला गंज धरला होता.

पूर्वी ती ओंडके पट्टीने मोजत असे. ट्रक उभा राहिला की ती शिडीवर चढून प्रत्येक ओंडक्याच्या तोंडाचा व्यास घ्यायची. त्यात वीस मिनिटं जात. तेवढ्यात ड्रायव्हर खोलीत येऊन कॉफी घेत. यंदापासून वनखात्याच्या नव्या करारात पट्टी गेली आणि वजन आलं. डोंगरावरची दाट वाढलेली झाडं विरळ करायची, निघालेलं लाकूड मिलने घ्यायचं आणि दर वीस टनांमागे एक एकर वाळकं रान मिलने साफ करून द्यायचं, असा तो करार होता. भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्याचं वजा केलं की झालं. हे काम दोन मिनिटांचं होतं. तरी भरलेला ट्रक काट्यावर लावून ड्रायव्हर खाली उतरतच राहिले, कारण कॉफी तिथेच होती.

त्या मंगळवारी एमेट ट्रूडो लाकूड उतरवून रिकामा ट्रक काट्यावर घेऊन आला. तो अर्डिसच्या दिवंगत नवऱ्याचा मावसभाऊ. रिकामं वजन द्यायला कोणी उतरत नसे. खिडकीतून हात हलवायचा आणि निघायचं. काट्याच्या पडद्यावर आकडा होता तीस हजार एकशे साठ पौंड. अर्डिसने बटण दाबलं. तेवढ्यात एमेटला हातमोजे आठवले. ते सकाळपासून तिच्या स्टोव्हवर वाळत होते. तो दार उघडून उतरला आणि आकडा एकोणतीस हजार नऊशे वीसवर आला.

"दोनशे चाळीस," अर्डिस म्हणाली.

"काय दोनशे चाळीस?"

"तू."

"बुटांसकट," एमेट म्हणाला. "आणि तुझा काटा जुना आहे."

ती हसली नाही. तिने सकाळची पावती पुढे ओढली. भरलेलं वजन घेतलं तेव्हा हा माणूस इथे खुर्चीत बसून कॉफीत साखर ढवळत होता. रिकामं घेतलं तेव्हा ट्रकमध्ये होता. म्हणजे प्रत्येक खेपेला एमेटच्या वजनाएवढं लाकूड हिशोबातून गळत होतं. आणि एमेट एकटा नव्हता.

"किती खेपा झाल्या यंदा?" तिने विचारलं, पण उत्तर तिलाच माहीत होतं. एक हजार सहाशे चाळीस.

एमेटने हातमोजे चढवले. तिचा चेहरा बघून त्याने मागे खिळ्याकडे पाहिलं.

"अर्डिस, अकरा दिवस राहिलेत. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळलंय."

"मग विसर. या वयात चालतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चारही ड्रायव्हरांना रिकाम्या ट्रकमधून आळीपाळीने उतरवलं आणि आकडे लिहून घेतले. एकाने जाकीट काढून ठेवू का म्हणून विचारलं. "रोज काढून चालवतोस का?" अर्डिसने विचारलं. त्याने काढलं नाही. सरासरी दोनशे दहा पौंड निघाली. गुणाकार तिने दोनदा केला. दोन हजार पौंडांचा टन धरून एकशे बहात्तर टन लाकूड. साधारण साडेआठ एकर रान.

करार सांभाळणारी वनखात्याची लेनोर दुपारी आली. तिने कागद उभ्यानेच वाचला.

"हे कुणी पकडलं?"

"मी."

"आणि केलं कुणी?"

"मीच. कॉफी मी देत होते."

लेनोरने कागद टेबलावर ठेवला. "साडेआठ एकर मिलकडून वसूल होतील, त्याची काळजी नको. पण तुझ्या मोजणीच्या परवान्याच्या नोंदीत ही चूक तुझ्या नावावर जाईल. शेवटच्या महिन्यात. समजतंय ना?"

"चुकीवर दुसरं कुणाचं नाव घालणार?" अर्डिस म्हणाली. "सही कुठे करायची ते दाखव."

सही झाली. लेनोरने मूळ प्रत नेली. दुसरी अर्डिसने दाराच्या मागे खिळ्याला अडकवली. गंजाचा डाग कागदावर उमटला.

गुरुवारपासून ड्रायव्हर दोन्ही वजनांना ट्रकमध्येच बसू लागले. एमेटचा भरलेला ट्रक सकाळी साडेसातला काट्यावर चढला. अर्डिसने बटण दाबलं, पावती फाडली आणि जुनी मोजपट्टी खिडकीतून बाहेर काढली. पट्टीच्या टोकाला तारेने डबा बांधला होता, डब्यात कॉफीचा कप. एमेटने वरून हात घालून तो उचलला.

"साखर?" त्याने ओरडून विचारलं.

"घातली आहे. वजन झाल्यावर."