निखारा धरणारा हात

जागेश्वर चुलीतला निखारा बोटांनी उचलायचा, तळहातावर घ्यायचा आणि सावकाश विडी पेटवायचा. गोळीबार चौकामागच्या विणकरांच्या गल्लीत याचं भारी कौतुक. "हात हाय का सांडशी गा?" लोक विचारत. तो हसायचा.

त्याची धाकटी बहीण भागीरथा मात्र तोंड फिरवायची. सत्तर सालच्या सुमारास तिच्या दंडावर फिकट चट्टा उठला होता. सुई टोचली तरी तिथे कळत नव्हतं. महारोग. ती लगेच दवाखान्यात गेली, काही वर्षं न चुकता गोळ्या घेतल्या, बरी झाली. दहाही बोटं शाबूत. पण गोळ्या सुरू होताच नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं होतं. इथे वहिनीनं तिची कपबशी वेगळ्या कोनाड्यात ठेवली. डॉक्टरांनी रोग्यांच्या यादीतून नाव काढलं. कोनाड्यातून कप काही कोणी काढला नाही.

एका दुपारी जागेश्वर मागावर बसून शेजाऱ्याशी बोलत होता. भागीरथेनं सुताचं टोक त्याच्या करंगळीवरून फिरवलं. त्याला कळलं नाही. मग नख दाबलं. तरी नाही.

शेजारी गेल्यावर ती म्हणाली, "दादा, दवाखान्यात हात दाखव गा. आत्ताच गेला तं बोटं वाचतीन."

"काहून? मी काय तुह्यासारखा हाओ?"

"मी बरी झाली न!"

"बरी झाली तं तुही वहिनी तुह्या कपाले हात काहून नाही लावत?"

ती पुढे महिनोन्‌महिने सांगत राहिली. तो हेच विचारत राहिला.

दिवाळीनंतर त्याची करंगळी वाकली. ताण्यातला तुटका धागा जोडायला गेला की गाठ निसटायची. तो सुताला शिव्या द्यायचा, गिरणीला द्यायचा. शेवटी परसात येऊन हळूच म्हणाला, "भागे, तूच आण न गोळ्या. तुह्या नावावर. तुहं नाव तं खराब झालंच हाय."

"डॉक्टर हात पाहते, दादा. माहा हात पाहून तुले गोळी कशी देईन?"

"मंग तू चाल संगं. लोकायले वाटंन, तुलेच घेऊन चाललो."

भागीरथेला वाटलं, हातातला तांब्या फेकून मारावा. कालच शेजारच्या रुख्माबाईनं तिला येत्या बुधवारी सकाळी रस्त्यात ताणायच्या सुताला खळ लावायला बोलावलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवारी ती त्याच्यासोबत गेली.

दवाखान्यासमोरच भाजीबाजार. रुख्माबाई वांगी निवडत होती. "काय वं भागीरथा, पुन्हा उठलं काय?"

जागेश्वरच आधी बोलला, "हो न बाई. घरची हाय. आणाच लागते."

भागीरथेनं मनगट धरून त्याला आत ओढलं. डॉक्टरांनी पेशंट कोण विचारलं तेव्हा तो भिंतीकडे बघत होता. तिनंच त्याचा हात उचलून टेबलावर ठेवला.

"उशीर केला," डॉक्टर म्हणाले. "आता गोळी चुकवू नका. वाकलं ते वाकलं, बाकीची बोटं राहतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत सूत ताणलं गेलं. बायका खळ लावू लागल्या. भागीरथेला कोणी हाक मारली नाही. ती चुलीपाशी बसून राहिली.

जागेश्वरनं गोळी गिळली, विडी काढली आणि सवयीनं चुलीत हात घातला.

"चिमटा घे!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेर बायका थांबल्या.