सावळेरामने डिझेल घेतलं

सावळेराम मूळचाच काळजीखोर. चुलीवर दूध ठेवलेलं दिसलं की ते उतू जाईल म्हणून तो तिथेच उभा राहायचा. त्याची बायको ठमाबाई म्हणायची, "तुमी बघत बसल्यानं ते लवकर तापायचं न्हाई." अशा माणसाच्या वाट्याला वाडीतली एकुलती एक गाडी यावी, याला काय म्हणावं!

वाडी घाटघरच्या अलीकडची, पंधरा-वीस घरांची. गाडी म्हणजे लिलावात घेतलेली जुनी पेट्रोल जीप, मागचा भाग कापून तिथे लोखंडी हौदा बसवलेला. त्या हौद्यातून भाताची पोती जायची, हिरडा जायचा, लग्नाची भांडी यायची. आणि कोणी आजारी पडलं की गोधडी अंथरून तेही जायचं. एसटी दिवसातून एकदा यायची. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तीही पलीकडच्या गावातूनच माघारी फिरायची. मग उरायचा सावळेराम.

पेट्रोलचं इंजिन पैशाला जड, पण स्वभावाने गुणी. कितीही गारठा असो, हँडलचा अर्धा फेरा मारला की सुरू. त्याचं एकच दुखणं होतं, पाणी. एकदा का वायरींवर पाणी उडून करंट गेला की हलायचं नाव नाही.

पंचाण्णवच्या श्रावणात नेमकं तेच झालं. शेजारच्या भगवंतची बायको इंद्रायणी पहिलटकरीण, तिला कळा सुरू झाल्या होत्या. भर पावसात सावळेरामने गाडी काढली. ओढ्याच्या मधोमध इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने अंगातला सदरा काढला, बॉनेटवर ताडपत्री धरायला भगवंतला सांगितलं आणि तो एकेक वायर पुसत राहिला. पाऊस त्या पुसलेल्या वायरी पुन्हा ओल्या करत होता. मागे हौद्यात इंद्रायणी आधी ओरडत होती, मग तिचा आवाज बारीक झाला. सव्वा तास गेला. जुन्नरला पोचले तेव्हा बाई वाचली, बाळ गेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

सावळेरामला कोणी बोल लावला नाही. भगवंतने नाही, इंद्रायणीने तर नाहीच. लोकांनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण कोणी काही बोललंच नाही, म्हणून ते काम त्याने स्वतःच अंगावर घेतलं.

दिवाळीनंतर इंजिन झिजून रीबोअरला आलं. तसंही खर्च होणारच होता, तेव्हा तो मंचरला दलीचंदशेठकडे गेला. शेठचं जुन्या इंजिनांचं आणि सुट्या भागांचं दुकान होतं. माणूस व्यापारी, पण खोटं बोलून माल गळ्यात मारणारा नव्हता.

"शेठ, पाण्यात बंद पडायचं न्हाई असं कोणतं?" सावळेरामने विचारलं.

"डिझेल. त्याला प्लग नाही, करंटची भानगड नाही. हवा घ्यायच्या तोंडात पाणी जाऊ दिलं नाही, तर ओढ्यातून आरामात निघेल." शेठने कोपऱ्यातल्या इंजिनावरचं पोतं बाजूला केलं. "पण भाऊ, हे जुनं आहे. थंडीत रडवेल. जड पण आहे, पुढच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवावा लागेल. तुमचं पेट्रोल मी नव्यासारखं करून देतो, वायरींना रबरी टोपण बसवून देतो. नीट विचार करा."

विचार? चार महिने सावळेराम दुसरं काय करत होता! त्याच्या डोक्यात पाऊस सोडून काही नव्हतं. "थंडीचं बघून घेऊ," तो म्हणाला.

डिझेल बसलं. गाडी वाडीत आली तेव्हा बहिरू नावाचा एक टवाळ म्हातारा पारावरून म्हणाला, "सावळ्या, गाडी इकून गिरणी आनली का रं?" आवाज होताच तसा. पण पुढच्या आषाढात तीच गिरणी भरल्या ओढ्यातून धडधडत पलीकडे गेली, एकदा नाही, नऊ वेळा. सावळेरामने ते मोजलं होतं. नवव्या वेळी पलीकडे जाऊन त्याने गाडी थांबवली आणि तो एकटाच हमसून हमसून रडला.

आणि दसऱ्याच्या सुमारास ठमाबाईने बातमी आणली. इंद्रायणीला पुन्हा दिवस गेले होते, आणि नऊ महिने भरणार होते पौषात.

सावळेरामने बोटांवर महिने मोजले. ऐन थंडीत! अख्खं डिझेल त्याने पावसासाठी घेतलं आणि ही बाई मोकळी होणार पौषात. मागच्या हिवाळ्यात त्या इंजिनाने त्याला चांगलंच रडवलं होतं. पहाटे चावी फिरवली की ते नुसतं कण्हायचं, पांढरा धूर सोडायचं आणि ऊन वर आल्यावर मनात आलं तर सुरू व्हायचं. तेव्हा पोती होती, पोत्यांना घाई नसते.

मग त्याने उपाय सुरू केले. रोज संध्याकाळी बॅटरी काढून घरात आणायची आणि चुलीजवळ गोधडीत गुंडाळून ठेवायची. "त्या बॅटरीचं बारसंबी करून टाका आता," ठमाबाई म्हणाली. रेडिएटरचं पाणी रात्री सोडायचं, सकाळी तापवलेलं ओतायचं. गाडी कायम उतारावर, तोंड खाली करून उभी करायची. बहिरूने त्या उतारावर सरपण रचलं, तर या मऊ माणसाने त्याच्याशी असं कडाक्याचं भांडण केलं की बहिरूने मुकाट्याने सरपण उचललं.

आणि रोज सकाळी, कुठे जायचं नसलं तरी, गाडी सुरू करून बघायची. सुरू झाली की ती तशीच धडधडत ठेवून तो भगवंतच्या दारात जायचा. इंद्रायणी भांडी घासत असायची, नाहीतर शेण भरत असायची. तो विचारायचा, "बरं हाय ना?" ती म्हणायची, "बरं हाय." तो क्षणभर उभा राहायचा, तिच्याकडे बघायचा आणि निघायचा. ज्या दिवशी गाडी लवकर सुरू होत नसे, त्या दिवशीही तो जायचा, फक्त विचारायचा नाही. नुसता बघायचा.

पौष लागला. पाण्याच्या घागरीला हात लावला की बोटं बधिर व्हायची. एके दिवशी पहाटे, गंमत बघा, गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. सावळेरामचा आनंद पोटात मावेना. तो जवळजवळ पळतच भगवंतच्या दारात गेला. दाराला कुलूप होतं.

पारावर बहिरू शेकत बसला होता. "कालच्या एसटीनं गेली की इंद्रायणी," तो म्हणाला. "जुन्नरला मावशी हाय तिची, तिच्याकडं ऱ्हानारे बाळतीन व्हईस्तोवर. भगवंतबी गेलाय. तुला म्हाईत न्हाई?"

सावळेरामला माहीत नव्हतं. काल तो लाकडं घेऊन बाहेर गेला होता. बरोबर तीच वेळ त्यांनी साधली. दवाखान्याजवळ राहायला गेली हे चांगलंच झालं, हे त्याला कळत होतं, तरी ते त्याला लागलं. भरवसा नाही, तो मनात म्हणाला. आपल्या गाडीवर कुणाचाच भरवसा नाही.

पाचव्या दिवशी जुन्नरहून निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. ठमाबाईने डिंकाचे लाडू बांधले आणि त्याला अक्षरशः ढकलत गाडीत बसवलं, स्वतःही शेजारी बसली.

दवाखान्यासमोर त्याने गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. बंद केलं आणि परत सुरू झालं नाही तर? भगवंत बाहेर आला. त्याची नजर सावळेरामच्या नजरेला भिडत नव्हती. तिघं आत गेले.

इंद्रायणी खाटेवर बसली होती. तिने मुलगी ठमाबाईच्या हातांत दिली. सावळेराम दाराशीच उभा राहिला.

"भाऊ, रागावलात ना?" तिने विचारलं.

"राग कशाचा. गाडीचा भरवसा न्हाई, मला समजतं."

"गाडीचं काय न्हाई वो." ती म्हणाली. "गाडी तर रोज सुरू व्हायची, आयकायची मी. पन तुमी रोज दारात येऊन उभं ऱ्हायचात. बरं हाय ना इचारायचात, आन् तुमच्या तोंडाकडं बघितलं की मला त्यो ओढाच दिसायचा. मी इसरायला बघत व्हते भाऊ. तुमी इसरू देत नव्हतात. म्हनून न सांगता आले. तोंडावर सांगायला जीभ उचलली न्हाई."

खोलीत फक्त बाहेरच्या इंजिनाची धडधड ऐकू येत होती. ठमाबाईने मान वर केली नाही. दीड वर्ष सावळेराम हिच्या काळजीने झुरत होता, आणि हिला त्याच्याच झुरण्याची भीती वाटत होती. हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तो वळला, बाहेर गेला आणि त्याने इंजिन बंद केलं.

भगवंत घाबरून मागोमाग आला. "दादा, बंद का केलंत? सुरू न्हाई झाली तर?"

"मग ढकलू," सावळेराम म्हणाला. "आता कुनाला घाई हाय?"