कानानं चढणारी

उस्ता रहमतच्या कारखान्यात भट्टी उघडली की पहिलं काम त्यांच्या लेकीचं, सोगंदचं. सहा वर्षांची होती तेव्हापासून. निवलेले निळे वाडगे चटईवर ओळीनं मांडायचे आणि बोटाच्या पेरानं एकेकाला टिचकी द्यायची. खणखणीत वाजला तो उजवीकडे, बद्द वाजला तो डावीकडे. डावीकडच्या वाडग्याची चीर डोळ्यांना दिसायचीच असं नाही. इराणातल्या लालजीन गावात कुंभारांना तोटा नाही, पण शंका आली की शेजारपाजारचे उस्ता, म्हणजे मुरलेले कारागीर, सोगंदकडे वाडगा घेऊन यायचे. बारा वर्षांची पोर डोळे मिटून टिचकी मारायची आणि म्हणायची, "काका, डावीकडे." काका वाद घालायचे, पोरीला दोन शब्द सुनवायचे, आणि वाडगा डावीकडे ठेवून जायचे.

विसाव्या वर्षी ती हमदानला विद्यापीठात शिकत होती आणि शुक्रवारचे शुक्रवार कड्यांना लटकत होती. बिसोतूनच्या उभ्या चुनखडीवर तिनं सगळा हेमंत काढला. टाच उचलायची, अंगठ्याच्या टोकावर उभं राहायचं, आणि बोटं सुटली तर खुशाल पडायचं. पडायला आगा फर्शीदनीच शिकवलं होतं. ते विद्यापीठाच्या गिर्यारोहण गटाचे उस्ताद, वय पन्नाशीचं. डाव्या हाताची करंगळी कुठल्याशा हिवाळ्यानं नेलेली. "पडायला घाबरतो तो चढत नाही," असं ते म्हणायचे, आणि सोगंद इतकी मनापासून पडायची की खाली दोर धरणारी तिची मैत्रीण मरजान वैतागायची.

"अगं, आज किती वेळा?"

"अकरा."

"माझ्या कमरेचा विचार कर जरा. लग्न व्हायचंय माझं."

दय महिन्यात, ऐन हिवाळ्यात, अल्वंद डोंगराच्या उतारावरचा अरूस धबधबा गोठला, आणि गट खडक सोडून बर्फाकडे वळला. पहिल्याच दिवशी आगा फर्शीदनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "खडकावर पडायला शिकवलं, ते विसरा. इथे पायांत लोखंडी दात आहेत. पडताना दात बर्फात अडकले की घोट्याचा चुरा. इथे पडायचं नाही."

"आणि पडलो तर?" सोगंदनं विचारलं.

"तर दवाखान्यात मी सफरचंदं घेऊन येईन. पण दोर देणार नाही."

दोर दोन तऱ्हेचे. वरून सोडलेला दोर म्हणजे आईनं बखोट धरल्यासारखा. हात सुटला तरी माणूस तिथेच लोंबकळतो. पुढचा दोर म्हणजे आपणच खालून घेऊन जायचा, जाता जाता बर्फात स्क्रू पिळायचे आणि त्यांत तो अडकवायचा. पडलात तर शेवटच्या स्क्रूच्याही खाली. हिवाळी शिबिराला प्रत्येक विद्यापीठातून पुढच्या दोराचे दोन गडी जायचे. अरूसवर आजवर एकाही मुलीनं पुढचा दोर नेला नव्हता. नेऊ नये असं कुणी म्हटलेलं नव्हतं. मुलींची वेळ येईपर्यंत दिवस कलायचा, एवढंच. सोगंदला तो दोर हवा होता. तसं तिनं पहिल्याच दिवशी मरजानला सांगितलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मग वरच्या दोरावर ती चढली. तीन पुरुष उंचीवर बर्फाच्या छोट्या कुऱ्हाडीनं बर्फ ठोकून पाहिला. एका जागी तो असा सुरेख वाजला की बाबांचा सगळ्यात पातळ वाडगाही वाजला नसता. तिनं खुशीत तिथेच कुऱ्हाड हाणली. परातीएवढा तुकडा निखळला, तिच्या हनुवटीवर आपटला आणि खाली जाऊन फुटला. सोगंद रक्ताळलेली हनुवटी घेऊन दोराला लोंबकळत राहिली.

खालून कियानूश म्हणाला, "कुंभाराची लेक, आणि पहिल्याच दिवशी बशी फोडली." कियानूश म्हणजे गटातला सगळ्यात दणकट मुलगा, अंगानं आणि तोंडानंही. त्या दिवसापासून सोगंदचं नाव बशी पडलं.

खाली उतरल्यावर आगा फर्शीदनी तिच्या हनुवटीला पट्टी लावता लावता विचारलं, "तिथेच का मारलीस?"

"छान वाजत होता."

ते पोट धरून हसले. "वाडगा आतून पोकळ असतो गं, म्हणून वाजतो. बर्फ वाजतो तेव्हा मागे पोकळी असते. खडकापासून सुटलेला असतो तो. इथे बद्द आवाज शोधायचा. ओल्या ओंडक्यावर घाव घातल्यासारखा."

चौदा वर्षं कमावलेला कान, आणि तो नेमका उलटा. ती रात्रभर धुमसली. सकाळी चाकावर बसलेल्या बाबांना तिनं सगळं सांगितलं. उस्ता रहमतनी चाक थांबवलं नाही.

"मग काय करणार? कान फेकून देणार?"

"निरुपयोगी आहे तो."

"कान चांगला आहे. वाडगे वेगळे आहेत. उजवीकडचे डावीकडे ठेव, झालं."

पुढचे दीड महिने ती आणि मरजान तास बुडवून आठवड्यातून दोनदा अरूसला जात राहिल्या. वरचा दोर लावून सोगंद चढायची कमी आणि ठोकायची जास्त. टाच खाली ठेवायची सवय लावताना पोटऱ्या पेटायच्या. मरजान खाली उभी राहून दात वाजवत ओरडायची, "तू बर्फ चढतेयस की भाड्यानं घेतेयस?" हळूहळू तिला कळायला लागलं. सकाळी बर्फ बद्द असतो. उन्हाचा पट्टा उजव्या अंगावर अकराच्या सुमाराला येतो, आणि तासाभरात तोच बर्फ वाजायला लागतो, कारण मागून पाणी सुटलेलं असतं. डोळ्यांना काही म्हणता काही फरक नाही.

दयनंतरच्या बहमन महिन्यातल्या एका शुक्रवारी शिबिराची निवड होती. सोगंद आगा फर्शीदकडे आधीच गेली. "मला सकाळची वेळ द्या."

"यादी ठरलेली आहे. आधी मुलं, मग मुली. दरवर्षी असंच असतं."

"कुणी ठरवलं?"

"मी नाही. पद्धत आहे."

"मग पद्धतीला सांगा, ऊन अकराला येतं."

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि यादी खिशात घातली.

पाचही मुलं सकाळी उजव्या अंगानं पुढचा दोर घेऊन चढली. कियानूश सगळ्यात झपाट्यानं. सोगंदचं नाव आलं तेव्हा साडेबारा झाले होते. सुट्टीचा दिवस, खाली गरम बीट आणि उकडलेल्या बाकल्याच्या शेंगा खात कुटुंबंच्या कुटुंबं मान वर करून उभी. दोर मरजानच्या हातात. सोगंदनं दोन स्क्रू पिळले. तिसऱ्यासाठी ठोकलं, तर बर्फ खणखणीत वाजला. डावीकडे ठोकलं, खणखणीत. हातभर वर, खणखणीत. सगळं उजवं अंग एकच मोठा, सुंदर, पोकळ वाडगा झालं होतं.

"काय झालं, बशी?" कियानूश ओरडला. "दोन तासांपूर्वी त्याच बर्फानं मला झेललं. पंचाऐंशी किलो. तू तर निम्मीसुद्धा नाहीस."

खडक असता तर ती गेली असती. बाराव्यांदा पडली असती आणि हसत वर गेली असती. हातात अजून जोर होता, हेच तर तिला सहन होईना. तिनं पुन्हा एकदा ठोकलं. मग खाली बघून म्हणाली, "मरजान, मी उतरतेय."

बीट खाणाऱ्यांतून कुणीतरी चुकचुकलं. कियानूशनं टाळ्या वाजवल्या, दोनच, सावकाश. सोगंद एकेक पाऊल मोजत, टाच खाली ठेवून उतरली आणि सरळ आगा फर्शीदपुढे जाऊन उभी राहिली.

"वर पाणी सुटलंय. आता कुणालाच सोडू नका."

"घाबरलीस म्हण ना," कियानूश म्हणाला. "उस्ताद, माझी दुसरी फेरी राहिलीय."

आगा फर्शीदनी स्वतःला तिच्या दोराला बांधलं, तिच्या दुसऱ्या स्क्रूपर्यंत चढले, हात लांब करून ठोकलं आणि कान लावून थांबले. मग तिथे एक नवा स्क्रू पिळला. त्याच्या नळीतून आधी थेंब आला, आणि मग करंगळीएवढी धार लागली. ते उतरले आणि दोर गोळा करायला लागले.

"आता कुणाची फेरी नाही."

कियानूश खाली बसून पायांतले दात सोडायला लागला.

"बरोबर उतरलीस," आगा फर्शीद सोगंदला म्हणाले. "मी असतो तर मीही उतरलो असतो. पुढच्या वर्षी पुढचा दोर तुझा."

"पुढच्या वर्षी का?"

"शिबिराची नावं आज पाठवायची. आज तू चढली नाहीस."

"मुलांना सकाळचा बर्फ दिलात, मला दुपारचा. आणि निकाल लावताना बर्फ एकच?"

"सोगंद, हट्ट करू नकोस."

"हट्टच करतेय. नावं उद्या पाठवा. उद्या सातला मी इथे असेन, सगळ्यात आधी. चढले नाही तर पुढच्या वर्षीसुद्धा माझं नाव लिहू नका. कधीच लिहू नका."

"उद्या शनिवार आहे. वर्ग आहेत."

"माझेही आहेत."

तिनं हात पुढे केला. आगा फर्शीदनी तिच्या हनुवटीवरच्या व्रणाकडे पाहिलं, मग खिशातून यादी आणि पेन्सिल काढून तिच्या तळहातावर ठेवली. कागद उलटा करून तिनं कोऱ्या बाजूवर उद्याच्या फेऱ्यांची नवी यादी मांडली, सगळ्यात वर स्वतःचं नाव. मग खाली आणखी काहीतरी लिहिलं आणि घडी घालून परत दिला.

शनिवारी उस्ता रहमतनी वाडग्यांच्या गाडीतलं गवत बाजूला सारून सोगंद आणि मरजानला मागे बसवलं आणि उजाडता उजाडता डोंगराच्या पायथ्याशी आणलं. बिसोतूनला ते कधी गेले नव्हते. लेक लोंबकळताना बघवणार नाही म्हणायचे. आज मात्र धापा टाकत अरूसपर्यंत चढले, एका धोंड्यावर धबधब्याकडे पाठ करून बसले आणि थर्मासमधला चहा ओतला.

"बाबा, असे उलटे काय बसलात?"

"मी बघायला आलोच नाहीये. ऐकायला आलोय."

आगा फर्शीद सातला पाच मिनिटं कमी असताना आले. कियानूशही आला. बशी फुटताना बघायला आलोय, असं म्हणाला, पण हातात सगळ्यांसाठी गरम बार्बारी रोट्या होत्या. दोर धरायला आगा फर्शीद स्वतः उभे राहिले.

सोगंद निघाली. धप. धप. उस्ता रहमत चहात साखरेचा खडा बुडवून ऐकत होते. धप. स्क्रू कुरकुरत आत गेला, दोर कडीत खटकन बसला. धप. मग अर्ध्यावर, एकदाच, खण्ण. उस्तांचा पेला ओठांपाशी थांबला. वर बराच वेळ काही वाजलं नाही. मग बाजूला सरकणाऱ्या लोखंडी दातांची खरखर, आणि हातभर डावीकडून धप.

"डावीकडे ठेवला," उस्ता स्वतःशीच म्हणाले आणि चहा प्यायले.

वरच्या काठावर तिनं स्वतःला ओढून घेतलं तेव्हा ऊन अजून पलीकडच्या कड्यावरच होतं. तिनं खडकातल्या लोखंडी कड्यांना दोर बांधला आणि काठावरून डोकं पुढे काढलं. टोपी घसरली होती, नाक लाल झालं होतं.

"बशी," कियानूशनं खालून हाक मारली, "दोर असू दे तिथेच. मी येतो."

"रांगेत ये," वरून उत्तर आलं. "आधी मरजान."

आगा फर्शीदनी खिशातून यादी काढली आणि कोरी बाजू उलगडली. पहिल्या नावाखाली, त्याच पेन्सिलीनं, दुसरं नाव मरजानचं होतं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, कियानूश, लवकर उठला तर.

त्यांनी कागदाची घडी घातली. "मरजान," ते म्हणाले, "दात बांध पायांना."