तिकडेभाऊंची गाडी

सिग्नल लाल झाला की ते गाडी बंद करायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. मागून हॉर्न वाजत. एखादा मोटरसायकलवाला बाजूने पुढे निघता निघता विचारी, "चाचा, सो गए क्या?" ते त्याच्याकडे बघतही नसत. आम्हाला मात्र सांगत, "तिकडे असं नाही."

तिकडे म्हणजे मस्कतला. तिथे ते बरीच वर्षं ट्रेलर चालवत होते. त्याआधी रायपूरहून नेपाळला माल नेत. मूळ गाव कामठा. परतल्यावर गोंदियात राहू लागले, एक सात जणांची गाडी घेतली आणि आम्हा शिक्षकांना रोज कामठ्यापलीकडच्या शाळेत नेऊ-आणू लागले. आम्ही त्यांचं नाव तिकडेभाऊ ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. सकाळी कधी कधी तिकडच्या सवयीने डाव्या दाराशी जात, तिथे स्टिअरिंग नाही हे बघून शांतपणे वळसा घालून उजवीकडे येत.

परदेशाहून परतलेला आणि तिकडचे गोडवे गाणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. हे तसे नव्हते.

"मस्कतले गाडी मळकी असली तरी दंड," ते सांगत. "पायी चालनारा पट्ट्यावर उतरला का सारी लाइन थांबते."

"म्हणजे लोक चांगले," आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या.

"काही नाही बाई. तिकडचे श्रीमंत पोट्टे मागून लाइट मारून मारून जीव घेतेत. कॅमेरा आला का सीधे, कॅमेरा गेला का पुन्हा तेच."

नेपाळच्या घाटात म्हणे चढणाऱ्या गाडीला आधी वाट मिळते. उतरणारा थांबतो आणि हात वर करतो. मी विचारलं, "तिथे कॅमेरे आहेत?"

"कायचे कॅमेरे? तिथं दरी दिसते ना खाली."

"आणि आपल्याकडे?"

समोरून एक ट्रॅक्टर चुकीच्या बाजूने येत होता. त्यांनी गाडी कडेला घेतली. "इकडे कॅमेरा नाही अन् दरीही नाही," ते म्हणाले. "इकडे ओळख आहे. समोरून येनारा आपल्याच गावचा, तो वाचवीन आपल्याले."

त्यांच्या पुतण्याचं लग्न नवेगाव बांधजवळच्या एका गावी होतं. आम्हालाही आमंत्रण होतं. वरात निघायच्या वेळी त्यांच्या गाडीत दहा-बारा जण कोंबले गेले आणि चार पोरं टपावर चढून बसली. तिकडेभाऊंनी किल्ली काढून खिशात टाकली आणि चिंचेखाली जाऊन बसले. नवरदेवाचे वडील, म्हणजे यांचे थोरले भाऊ, सगळ्यांदेखत म्हणाले, "तिकडचा नियम इकडे कायले आनून राहिला? आज घरचं कार्य आहे."

"पोट्टे खाली उतरले का निघतो, दादा."

पोरं उतरली, पण दुसऱ्याच्या गाडीच्या टपावर जाऊन बसली. आत कोंबलेलेही बरेच जण दुसऱ्या गाड्यांत गेले. यांच्या गाडीत आम्ही दोघे शिक्षक आणि तीन म्हाताऱ्या उरलो. आम्ही पोचलो तेव्हा पहिली पंगत उठत होती. टपावरची पोरं धडधाकट होती, मांडवात नाचत होती. थोरल्यांनी यांना जवळ बोलावून, त्या पोरांकडे बोट दाखवत विचारलं, "का झालं? काही झालं का?"

"नाही," हे म्हणाले.

त्या दिवसापासून भावाने बोलणं टाकलं. परतताना मीही म्हटलं, "खरंच काही झालं नाही हो." तेव्हा ते एवढंच बोलले, "हाव. काही झालं नाही म्हनजे बरोबर झालं, असं आहे आपल्याकडे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. अपमानाचा सल मात्र होता.

पुढच्या हिवाळ्यात एका राइस मिलजवळ डावीकडून एक सायकलवाला आला. आम्ही ओरडलो तेव्हा कुठे यांनी ब्रेक मारला. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. हे स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"हा मले दिसलाच नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्यासोबत डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, कडांचं गेलं होतं आणि ते परत येणार नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मला गाडी चालवता येत नाही.

"घरापर्यंत तर चला," मी म्हटलं. "हळूच तर चालवता. लायसन्सची मुदतही आहे."

"लायसनले दिसते का, सर?"

ते पायरीवर बसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तिकडे अशा वेळी काय करतात?"

"तिकडचं राहू द्या," ते म्हणाले. "मलेच दिसत नाही."

मग त्यांनी भावाला फोन लावला. वर्ष होत आलं होतं. "दादा, गाडी न्यायले येतोस का?" एवढंच विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. पण तासाभरात थोरले भाऊ कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आले. काऊन, कसं, काही विचारलं नाही. किल्ली घेतली आणि चालकाच्या जागेवर बसले. हे शेजारी, मी मागे.

आता आम्हाला शाळेत दुसरी गाडी नेते. चालक तरुण आहे, गाणी लावतो आणि लवकर पोचवतो. तिकडेभाऊ कामठ्याला भावाकडे राहतात असं ऐकतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या संध्याकाळचा रस्ता राहिला आहे. थोरले जरा जोरातच चालवत होते. प्रत्येक वळणावर यांचा उजवा पाय पुढे सरकून चटईवर दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता. थोरल्यांनी दोन-तीनदा ते तिरक्या नजरेने पाहिलं.

"दाबून राहिला ना?" ते म्हणाले. "दाब. तू दाबला का मी दाबतो."

पुढच्या वळणावर तो पाय सरकला आणि गाडी हळू झाली.