काकांची काचेची भिंत

उभ्या आष्टी तालुक्यात बाईमाणसाला तोंड न बघता ओळखणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. काका कासार. दर बाजाराला बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून कडा गावी जायचे. परक्या बाईचा हात हातात घ्यायचा तर नजर मनगटाच्या वर न्यायची नाही, हा त्यांच्या वडिलांचा दंडक. काकांनी तो असा पाळला की सख्खी बहीण समोर आली तरी तिला आधी हात पुढे करावा लागे. मग मात्र ते सगळं सांगत; कोण माहेरी जाऊन आली, कोण रोडावली, कुणाची सासू खाष्ट आहे. प्लेगाच्या साली एका बाईचा हात धरून ते गप्प बसले, बांगडी न भरताच सोडला, आणि चौथ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून काका बोलता बोलता थांबले की बाया हात मागे ओढून घेत. त्याच साथीत मावशीही गेली. तेव्हा तिची गोदू दोन महिन्यांची होती.

गोदूचं लग्न ठरलं तेव्हा तिनं बापाकडे एकच मागितलं. आईचं रूप दाखवा, मग मी नांदायला जाते. मावशीचा फोटो कुठून असणार? पण काका “दावतो” म्हणाले आणि कामाला लागले. हैदराबादेला माल आणायला गेले असताना एका देवडीत, म्हणजे नबाबाच्या वाड्यात, त्यांनी काचेच्या तुकड्यांनी चितारलेली भिंत पाहिली होती. तुकडे कागदावर खळीनं पालथे चिकटवायचे, कागद ओल्या चुन्यावर दाबायचा, चुना धरला की कागद भिजवून सोलायचा. काच त्यांच्याकडे पोत्यानं होती. घरोघरच्या तुटक्या बांगड्या ते वर्षानुवर्षं मागून आणत, आणि कुठला तुकडा कुणाच्या हातचा हे त्यांना पाठ होतं. त्यातल्या निम्म्या बाया केव्हाच वारलेल्या.

आईबरोबर मी लग्नाच्या तयारीला गेलो तेव्हा काका माजघरात ढिगांच्या मधोमध बसले होते. एक ढीग हळूच बाजूला करून म्हणाले, “सरका जरा, पाटलीणबाई.” पाटलीणबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. माझ्या अंगावर काटा आला. शेजारणींनी तर त्या घरी विस्तव मागायला यायचंही सोडलं होतं. आई मात्र कडाडली.

“लगनघरात फुटकी काच कावून मांडलीत?”

“फुटकी न्हाई, वाढलेली हाय,” काका शांतपणे म्हणाले. बांगडी फुटली असं कासार कधी म्हणत नाही.

काम चालू असताना ते कागदावर पासोडी टाकून ठेवत. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर त्यांनी माजघराच्या भिंतीवर चुन्यात दाबलेला कागद भिजवला आणि खालून सोलायला घेतला. आधी बोटं आली. मग तळवे, मग मनगटं, कोपरापर्यंत हिरवागार चुडा. त्याच्या वर नुसता पांढरा चुना. दारातून उन्हाची तिरीप आली आणि त्या बांगड्या हलल्यासारख्या झाल्या. भिंतीपलीकडून कुणीतरी दोन्ही हात आत घातले होते, असंच मला वाटलं. मी चार पावलं मागे सरलो, हे कबूल करतो.

“आन तोंड?” गोदूनं विचारलं.

काका खाली बसले. “तोंड म्या कदी नीट बघितलंच न्हाई, पोरी. वडीलधाऱ्यांम्होरं बायकोकडं बघायची रीत न्हवती, आन रातच्याला दिवा नसायचा. बांगड्या भरताना हात तेवढे बघितले.”

भांडून थकलेली आई भिंतीजवळ गेली. एक करंगळी किंचित वाकडी होती. लहानपणी दोघी बहिणी दळताना मावशीची करंगळी जात्यात सापडली होती, आणि जातं आईनं फिरवलं होतं. आई त्या करंगळीवर बोट ठेवून रडू लागली. मग गोदू पुढे झाली आणि तिनं आपले तळवे त्या तळव्यांवर टेकले. अगदी माप घेतल्यासारखे बसले. हात न काढता ती हलकेच म्हणाली, “जाते मी.”

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि ती गेली. आम्ही गावी परतलो. माझी बायको ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी दिवसाउजेडी, आईच्या देखत, तिच्यासमोर बसलो आणि तिचं तोंड नीट पाहून घेतलं. तिनं लाजून पदर ओढला. आई मात्र रागावली नाही; तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि तो पदर जरा वर होईपर्यंत तशीच उभी राहिली.