बोलणारीचं काम

रत्नागिरीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा आम्हा काही पोरांना 'मनमित्र' केलं. म्हणजे काय, तर ज्यांचं मन थाऱ्यावर नाही त्यांचं ऐकून घ्यायचं, त्यांना डॉक्टरांपर्यंत न्यायचं, आणि यात लाजायचं काही नाही हे कॉलेजभर सांगत फिरायचं. शिकवायला एक समुपदेशक मॅडम यायच्या. सराव जोडीने चालायचा, एक बोलणारी आणि एक ऐकणारा. नियम एकच, स्वतःचं दुखणं काढायचं नाही, काहीतरी रचून सांगायचं.

मला मेलीला रचता येत नाही. माझी पाळी आली आणि तोंडातून खरं तेच निघालं. सकाळी अंगावरची चादर बाजूला करायची ताकद नसते, म्हटलं. बाथरूममध्ये नळ सोडून बसते, म्हणजे रडलेलं आईला ऐकू जात नाही. जगून करायचंय काय, असं वाटतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी कौतुकाने विचारलं, "नळाचं कुठून सुचलं गं?"

"सुचलं असंच," म्हटलं, आणि तिथेच अडकले.

आमच्याकडे लोकांना नाटकाचं भारी वेड. बाई का रडतेय ते राहतं बाजूला, काम कसं केलंन तेवढं बघतात. प्राचार्यांनी ठरवलं, हे जिल्ह्यातल्या कॉलेजांत न्यायचं. कोणीतरी काढलेला व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर गेला, तिथून वाडीच्या मुंबईतल्या मंडळात, म्हणजे तिकडे नोकरीला असलेल्या बाबांपर्यंत. मंडळाने माझा सत्कारसुद्धा केला. आता कुठल्या तोंडाने सांगणार की ते काम नव्हतं म्हणून? घरी येऊन नळ सोडला की आई बाहेरून हसत विचारायची, "प्रॅक्टिस चाललीय काय गो?" अंगाचा तिळपापड व्हायचा. पण तिची काय चूक?

प्रत्येक कॉलेजात तेच. शेवटी माझ्यासोबतचा ऐकणारा पोरगा ठरलेला प्रश्न विचारायचा, "हे आधी कोणाला सांगितलंस?" मी ठरलेलं उत्तर द्यायची, "नाही, आज तुलाच सांगतेय." रोज सगळ्यांसमोर सांगत होते, आणि कोणालाच सांगितलेलं नव्हतं. कंटाळले होते मी. अगदी जीव नकोसा होईपर्यंत कंटाळले होते.

सावर्ड्याला प्रयोग झाल्यावर पहिल्या वर्षाची एक पोरगी दाराशी थांबली होती. सगळे चहाला गेल्यावर जवळ आली. "ताई, माझं अगदी असंच होतं."

"माझंही," मी म्हटलं. "अजून होतं."

ती समजूतदारपणे हसली. "तुम्हाला असं बोलायला शिकवतात ना?"

काय सांगणार? रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलात मनाचे डॉक्टर भेटतात, एवढं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही सोबत असाल तर येते. तिला एकटीला पाठवायचा माझाही धीर होईना.

पुढच्या आठवड्यात ती सकाळच्या एसटीने रत्नागिरीला आली. सिव्हिलच्या खिडकीपाशी रांगेत माझा हात घट्ट धरून उभी होती. आमचा नंबर आला तसं आतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "केसपेपर कोणाच्या नावाने?"

पोरगी पुढे सरकली.

"दोन काढा," मी म्हटलं, आणि आधी माझं नाव सांगितलं.