पिवळी कलेजी

मामा कोंबडीच्या कलेजीवरची पित्ताची पिशवी अलगद कापत होता, तेवढ्यात सकाळी चिकन नेलेली बाई परत आली आणि तिने डबा काउंटरवर आपटला. "कलेजी पिवळी निघाली. आजारी कोंबडी खपवता काय?"

दुकानाच्या शेठने लगेच तिच्यापुढे शेपूट हलवली. मामाला म्हणाला, "आता ही तक्रार निस्तर, नाहीतर उद्यापासून घरी बस."

मामा बावीस वर्षं कोंबड्या कापतोय. शेठला चाकू धरता येत नाही, पण धमकी देता येते.

मामाने कलेजी हुंगली, बोटाने दाबली. "ताई, ही खाऊन खाऊन माजलेली कोंबडी. कलेजीला चरबी चढलीये, बाकी काही नाही. हिरवी असती, तर पित्त फुटलंय म्हणून मीच फेकली असती."

"मग तुम्हीच खा की."

मामाने चहाच्या शेगडीवर तवा ठेवला, मीठ टाकून कलेजी परतली आणि तिच्यासमोर उभ्यानेच सगळी संपवली. बाई गुपचूप दुसरी कलेजी घेऊन गेली. शेठ उगाच वजनकाटा पुसत बसला.

महिन्याने मामीकडून कळलं, त्या प्रकाराच्या आदल्याच दिवशी डॉक्टरांनी मामाला सांगितलं होतं की त्याच्याच लिव्हरला चरबी चढलीये, आणि कलेजी तर तोंडातही घालायची नाही.